स्पोर्ट्स कारचा एक्झॉस्ट: आवाज वाढवण्याआधी तो मोजा

मागचा सायलेन्सर कापून तिथे सरळ पाइप जोडला की गाडी मोठ्याने ओरडू लागते. त्याच कापाकापीमुळे हायवेच्या वेगाला केबिनमध्ये एक घुमणारा आवाजही सुरू होतो. तासाभरात कानात दडे बसतात, शेजारच्याशी धड बोलता येत नाही, आणि शेवटी जुना सायलेन्सर परत चढवावा लागतो. एक्झॉस्टचं काम सुरू करण्याआधी ठरवायचं ते हे की कुठल्या फ्रीक्वेन्सी ठेवायच्या आणि कुठल्या मारायच्या. आवाज किती मोठा हवा हा प्रश्न त्यानंतरचा. या निर्णयासाठी लागणारं गणित शाळेतलंच आहे.

चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणून आरपीएमला ६० ने भागायचं आणि सिलिंडरच्या निम्म्या संख्येने गुणायचं. उत्तर येतं ती फायरिंग फ्रीक्वेन्सी. ३००० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनाची १०० हर्ट्झ, सहा सिलिंडरची १५०, आठ सिलिंडरची २००. लेक्सस एलएफएच्या व्ही१० इंजिनाचा आवाज इतका उंच का चढतो, तेही इथेच कळतं: ९००० आरपीएमला त्याची फायरिंग फ्रीक्वेन्सी ७५० हर्ट्झ होते. चार सिलिंडरच्या गाडीला तिथे पोचायला २२,५०० आरपीएम लागतील. त्यामुळे चार सिलिंडरच्या गाडीतून व्ही१०चा सूर काढून देणारा सायलेन्सर कुणी विकत असेल, तर तो घेऊ नका.

आता गाडीत बसून मोजणी करा. फोनवर स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या हर्ट्झला आवाज किती मोठा आहे त्याचा आलेख, दाखवणारं ॲप घ्या आणि फोन शेजारी बसलेल्याकडे द्या. काचा बंद, एसीचा पंखा बंद, वरचा गिअर. १५०० पासून ३५०० आरपीएमपर्यंत दर २५० ला वेग स्थिर धरा आणि सर्वांत उंच शिखर कुठल्या हर्ट्झवर आहे ते लिहून घ्या. हलक्या चढावर हेच पुन्हा करा, कारण घुमणं थ्रॉटलवर थोडा भार असताना वाढतं. ॲपमध्ये ए-वेटिंग (कानाला कमी ऐकू येणाऱ्या फ्रीक्वेन्सी कमी मोजणारी पद्धत) निवडलेलं असेल तर ते बदलून सी किंवा फ्लॅट करा. ए-वेटिंग १०० हर्ट्झचा आवाज सुमारे १९ डेसिबलने आणि ६३ हर्ट्झचा सुमारे २६ डेसिबलने कमी दाखवतं. म्हणजे ज्याचा त्रास होतो तेच आकड्यातून गायब होतं. ही मोजणी मूळ एक्झॉस्टवर करून ठेवा, पुढे तुलनेला तीच लागते.

इंजिनाचा स्वभाव

एक्झॉस्ट इंजिनाला नवा गळा देत नाही. फायरिंगचा क्रम आणि पाइपांची लांबी जे ठरवतात, तेच पुढे ऐकू येतं. क्रॉस-प्लेन क्रँकच्या (टोकाकडून पाहिलं तर क्रॉससारख्या दिसणाऱ्या) व्ही८मध्ये एका बाजूच्या चार सिलिंडरांचे ठोके समान अंतराने पडत नाहीत. १८०, २७०, १८०, ९० अंश असं ते अंतर फिरतं, आणि त्यातून तो गडगडता, अडखळता आवाज येतो. फ्लॅट-प्लेन (क्रँक एकाच सपाटीत असलेल्या) व्ही८मध्ये, उदाहरणार्थ फेरारीच्या किंवा सी८ पिढीच्या कॉर्व्हेट झेड०६च्या इंजिनात, प्रत्येक बाजू समान अंतराने पेटते. त्यामुळे आवाज तीक्ष्ण आणि सलग येतो. सुबारूच्या जुन्या बॉक्सर इंजिनांची (सिलिंडर आडवे, समोरासमोर असलेल्या) गुरगुर असमान लांबीच्या हेडर्समुळे, म्हणजे सिलिंडरांतून वायू बाहेर आणणाऱ्या पाइपांमुळे आहे. इंजिन समान अंतरानेच पेटतं, पण ठोके वेगवेगळी वाट चालून येतात आणि जोडावर मागेपुढे पोचतात. समान लांबीचे हेडर बसवले की ती गुरगुर गेलीच. काहीजण हेडर बदलतात आणि मग आवाज परत आणायला सायलेन्सरमागून सायलेन्सर बदलत बसतात. त्याचा काही उपयोग नसतो.

दोन बाजूंचं इंजिन असेल तर दोन्ही पाइपांना जोडणारा तुकडा फार महत्त्वाचा. एच-पाइप, म्हणजे दोन्ही पाइपांमधला आडवा दुवा, दोन्ही बाजूंचा दाब अर्धवट वाटून घेतो आणि गडगडाट टिकवतो. एक्स-पाइपमध्ये दोन्ही पाइप फुलीसारखे एकत्र येतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचे ठोके एकमेकांत मिसळतात, आवाज गुळगुळीत होतो आणि सूर चढल्यासारखा वाटतो. व्ही६मध्ये प्रत्येक बाजूचे तीन सिलिंडर २४० अंशांनी पेटतात. दोन्ही पाइप शेवटपर्यंत वेगळे नेले तर पत्रा फाटल्यासारखा खरखरीत आवाज येतो. एका ठिकाणी नीट एकत्र केले तर ठोके १२० अंशांवर येतात आणि खरखर बरीच उतरते. व्ही६वर मी तरी एकत्र जोड टाळून दुहेरी पाइप कधीच सुचवणार नाही. एच-पाइप कुठे घालायचा यासाठी जुनी युक्ती आजही चालते: कोऱ्या पाइपांवर साधा रंग मारा, गाडी जोरात चालवा, आणि रंग सर्वांत जास्त जळलेला असेल तिथे जोड घाला.

टर्बो (एक्झॉस्टच्या वायूने चाक फिरवून इंजिनात जास्त हवा ढकलणारं यंत्र) असेल तर गणित बदलतं. टर्बाइनचं चाक ठोक्यांची धार खाऊन टाकतं, त्यामुळे गाडी मुळातच शांत असते आणि सायलेन्सर थोडा मोकळा केला तरी चालून जातं. तिथे पाइप मोठा ठेवण्यातही तोटा नाही, कारण टर्बाइनच्या मागचा दाब जितका कमी तितकं बरं.

सायलेन्सरच्या आत काय असतं

दोनच तत्त्वं आहेत. कप्प्यांच्या सायलेन्सरमध्ये पडदे आणि छोटे पाइप असतात. आवाजाच्या लाटा परतून एकमेकींना मारतात, आणि ठरावीक खालच्या फ्रीक्वेन्सी त्यात विरतात. दुसरा प्रकार आरपार. छिद्रं पाडलेली नळी सरळ जाते आणि तिच्याभोवती काचतंतू भरलेले असतात. वरच्या फ्रीक्वेन्सी त्यात शिरून उष्णता होऊन जिरतात. आरपार सायलेन्सर वाट मोकळी ठेवतो आणि खरखर काढतो, पण ८०-१२० हर्ट्झला त्याचं फारसं काही चालत नाही. केबिनमध्ये घुमतो तो भाग नेमका हाच. म्हणून मागचा कप्प्यांचा डबा काढून लहानसा आरपार डबा लावला की घुमणं वाढणारच.

डबा निवडताना नावापेक्षा लांबी आणि भरावाची जाडी बघा. नळीचा व्यास तोच ठेवून डबा जितका लांब आणि भराव जितका जाड, तितका तो खालच्या फ्रीक्वेन्सीपर्यंत पोचतो. खरखर मारायला मधल्या पाइपात ३०० ते ३५० मिलिमीटरचा आरपार रेझोनेटर (आवाज मारणारा लहान जादा डबा) बहुतेक वेळा पुरतो. आतली नळी गोल छिद्रांची घ्या. खवल्यांसारखे पत्रे आत उचललेली नळी वायूला अडवते आणि जोरात असताना सूं-सूं आवाज करते. नळीला लागून स्टीलच्या तंतूंचा थर आणि त्यामागे काचतंतू असेल तर भराव टिकतो. नुसते काचतंतू गरम वायूच्या माऱ्याने सुटून पाइपातून बाहेर उडतात, आणि काही महिन्यांत डबा रिकामा होऊन आवाज पातळ, टिनासारखा येतो.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (थोडक्यात कॅट, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) काढू नका. रस्त्यावर ते बहुतेक ठिकाणी बेकायदेशीर आहे, धुराचा वास केबिनपर्यंत येतो, मागचा ऑक्सिजन सेन्सर चेक-इंजिनचा दिवा लावतो (पी०४२० हा त्याचा नेहमीचा कोड), आणि शुद्ध आवाजाच्या दृष्टीनेही तोटाच होतो. कॅटमधल्या बारीक जाळीने वरच्या फ्रीक्वेन्सी मोडतात. ती गेली की खरखर थेट मागे येते आणि ती मारायला आणखी एक डबा लावावा लागतो. थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजवणारा ट्यूनही असाच. त्यात इग्निशन उशिरा करून इंधन एक्झॉस्टमध्ये जाळतात, आणि कॅटची जाळी वितळते.

पाइपचा व्यास

‘इंजिनाला बॅक-प्रेशर (एक्झॉस्टमधला उलटा दाब) लागतं’ हे वाक्य कान किटेपर्यंत ऐकू येतं, पण ते चूक आहे. लागतो तो वायूचा वेग. वेग टिकला तर एका सिलिंडरचा बाहेर पडणारा ठोका मागे दाब कमी करतो आणि पुढच्या सिलिंडरला रिकामं व्हायला मदत होते. पाइप फार मोठा केला तर वेग पडतो, खालच्या आरपीएमला ओढ कमी होते, आणि आवाज पोकळ, ड्रमसारखा येतो.

टर्बो नसलेल्या इंजिनासाठी ढोबळ हिशेब असा: एकेरी पाइप २ इंची असेल तर साधारण १४० अश्वशक्तीपर्यंत पुरतो, सव्वादोन इंची १८० पर्यंत, अडीच इंची २३० पर्यंत, ३ इंची ३३० च्या आसपास. दुहेरी पाइप असतील तर शक्ती निम्मी धरून प्रत्येक बाजूचा व्यास काढा. दोन मापांच्या मधोमध असाल तर लहान घ्या, आवाज भरीव राहतो. वाक मँड्रेलवर (वाकवताना पाइप चेपू नये म्हणून आत घालायच्या आधारावर) काढलेले असावेत. साध्या प्रेसवर वाकवलेला पाइप वळणावर चेपतो, आणि अडीच इंची पाइप विकत घेऊन तुम्हाला वळणापाशी सव्वादोन इंचाची वाट मिळते.

घुमणं मारणारा जे-पाइप

सगळा डबा न बदलता एकच फ्रीक्वेन्सी मारायची असेल तर क्वार्टर-वेव्ह रेझोनेटर, म्हणजेच जे-पाइप, हा सर्वांत उत्तम उपाय आहे. मुख्य पाइपाला फांदीसारखा एक पाइप जोडायचा आणि त्याचं दुसरं टोक बंद ठेवायचं. लाट त्यात शिरते, बंद टोकावरून परतते आणि अर्ध्या लाटेने मागे पडून मुख्य पाइपातल्या लाटेवर उलटी आदळते. वायू यातून वाहत नाही, म्हणून शक्तीवर परिणाम नाही. बाकीच्या आरपीएमचा आवाजही जवळपास तसाच राहतो.

लांबी काढायला वायूतला आवाजाचा वेग भागिले फ्रीक्वेन्सीची चौपट. गोम आहे ती वेगात. २० अंश सेल्सिअसला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, १०० अंशांना सुमारे ३८७, २५० अंशांना सुमारे ४५८. समजा व्ही६ गाडी २२०० आरपीएमला घुमते, म्हणजे ११० हर्ट्झ. वायू २५० अंशांचा धरला तर लांबी १.०४ मीटर येते, १०० अंशांचा धरला तर ०.८८. फांदीतला वायू साचलेला असल्याने तो मुख्य प्रवाहाहून बराच थंड असतो, त्यामुळे खरी लांबी या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी असते. फक्त कागदावरच्या लांबीवर पाइप कापून वेल्ड केला की हमखास फसतं. पाइप लांब बाजूच्या मापाने बनवा आणि शेवटचे २०० मिलिमीटर आत-बाहेर सरकणाऱ्या टोपणाचे ठेवून क्लँपने आवळा. मग गाडी पूर्ण गरम करून त्याच आरपीएमला मोजा. शिखर अजून वरच्या हर्ट्झवर शिल्लक असेल तर टोपण आत ढकलून लांबी कमी करा, खालच्या बाजूला असेल तर बाहेर ओढा. एकेका वेळी २० मिलिमीटर पुरे.

फांदीचा व्यास मुख्य पाइपाइतकाच ठेवा, बारीक केला की परिणाम घटतो. जोड कुठे घालायचा तेही महत्त्वाचं आहे. पाइपाच्या उघड्या टोकाजवळ दाबाची चढ-उतार जवळजवळ शून्य असते, त्यामुळे टिपपाशी (पाइपाच्या मागच्या उघड्या टोकापाशी) लावलेला जे-पाइप शोभेचाच ठरतो. मागच्या डब्याच्या पुढे, कॅट आणि टिप यांच्या मधल्या भागात जागा शोधा. जागा नसेल तर पाइप वळवून नेला तरी चालतो, लांबी मध्यरेषेवरून मोजायची. चार सिलिंडरची गाडी २४०० ला घुमत असेल तर फ्रीक्वेन्सी ८० हर्ट्झ आणि फांदी सव्वा मीटरच्या पुढे जाते. छोट्या गाडीखाली ती बसवणं जिकिरीचं आहे, तिथे मोठ्या आकारमानाचा मागचा डबाच बरा.

धातू आणि वेल्डिंग

ॲल्युमिनियमचा लेप दिलेलं साधं स्टील स्वस्त पडतं, पण वेल्डपाशी लेप जळतो आणि गंज तिथूनच धरतो. ४०९ स्टेनलेसवर वरवरचा तपकिरी गंज येतो, तरी ते टिकतं. ३०४ चकचकीत राहतं, मात्र तापल्यावर जास्त ताणतं: १ मीटर पाइप ४०० अंशांनी तापला की जवळपास ७ मिलिमीटर लांबतो. तीन-चार मीटरच्या एक्झॉस्टला ही वाढ सामावणारी जागा दिली नाही तर हँगर ओढले जातात किंवा वेल्ड तडकतो. टायटॅनियम खूप हलकं, पण पातळ भिंतीमुळे त्याचा आवाज धातूचा, किणकिणता येतो. कुणाला तोच आवडतो. माझ्या मते रस्त्यावरच्या गाडीला दीड मिलिमीटर भिंतीचं ३०४ सर्वांत समाधानकारक. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप कितीही सहज मिळाला तरी घेऊ नका, वेल्डिंग करताना त्याचा धूर विषारी असतो.

स्टेनलेस टिगने (आरगॉनच्या आवरणात केलेल्या टंगस्टन-इलेक्ट्रोड वेल्डिंगने) जोडताना पाइपाच्या आतूनही आरगॉन सोडावा लागतो, मिनिटाला ५ ते ७ लिटर, टोकं फॉइल आणि टेपने बंद करून आणि वायू निघायला बारीक भोक ठेवून. हे टाळलं की आतल्या बाजूला वेल्ड साखरेच्या दाण्यांसारखा काळा, खडबडीत होतो आणि तिथेच पुढे चीर जाते. ३०४ ला ३०४ जोडायला ३०८एल तार, साध्या स्टीलला जोडायला ३०९एल. आधी पाइप ॲसिटोनने पुसा आणि ते पूर्ण उडू द्या. क्लोरीन असलेल्या ब्रेक-क्लीनरने पुसून वेल्ड करू नका, त्यातून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो.

गाडीखाली फक्त टाके मारा, प्रत्येक जोडावर चार, समोरासमोर. पूर्ण वेल्ड पाइप खाली उतरवून करा. टाके मारतानाही बॅटरी सोडवा, अर्थचा चिमटा वेल्डच्या जवळ लावा, इंधनाच्या नळ्या आणि टाकी ओल्या वेल्डिंग ब्लँकेटने झाका आणि अग्निशामक हाताशी ठेवा.

काढणं आणि बसवणं

जुने बोल्ट आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइलने भिजवा आणि सहा-कोनी सॉकेट वापरा. बाराकोनी सॉकेटने गंजलेली डोकी गोल होतात. गाडी स्टँडवर, तीही सपाट जागी, नुसत्या जॅकवर कधीच नाही. हँगर रबरांना साबणाचं पाणी लावलं की ती निमूट निघतात, ग्रीस लावू नका, रबर फुगतं. ऑक्सिजन सेन्सरला बहुतेक गाड्यांत २२ मिलिमीटरचा पाना लागतो. अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायचा लेप) फक्त आट्यांवर लावा, सेन्सरच्या टोकाला लागलं की तो खराब होतो. नवा बंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी) वेल्ड करायचा असेल तर पाइपाच्या वरच्या अर्ध्यात, घड्याळातल्या १० ते २ च्या दरम्यान, म्हणजे साचलेलं पाणी सेन्सरवर येत नाही.

नवं एक्झॉस्ट चढवताना एकही जोड लगेच आवळू नका. सगळं सैल लटकवा, टिप बंपरच्या मधोमध आणा, मग पुढून मागे आवळत या. बॉडी, ॲक्सल आणि पाइप यांत किमान २० ते २५ मिलिमीटर मोकळं हवं. हे सस्पेन्शन पूर्ण लटकलेलं असताना आणि चाकांवर वजन आल्यावर, दोन्ही वेळा तपासा. जोडांना रुंद पट्ट्याचा क्लँप किंवा व्ही-बँड वापरा. यू-बोल्ट पाइप चेपतो आणि पुढच्या वेळी जोड सुटतच नाही. टिप बंपरच्या थोडी बाहेर राहू द्या. आत राहिली तर बंपर तापतो आणि गाडीमागच्या कमी दाबात धूर ओढला जाऊन केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड शिरू शकतो.

गळती शोधायला व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी बाजू टिपला चिंधीने घट्ट बसवा आणि थंड पाइपाच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. सेन्सर आणि इंजिन यांच्या मधली बारीकशी गळतीही सोडू नका. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) उगाच इंधन वाढवतो. थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक ऐकू आली आणि गरम झाल्यावर गेली, तर मॅनिफोल्डचं गॅस्केट बघा. पहिल्यांदा सुरू केल्यावर पाइपांवरचं तेल जळून धूर निघतो. पंधरा-वीस मिनिटांत तो थांबतो, पण हे उघड्यावरच करा.

बाहेरचा आवाज मोजायची पद्धत आयएसओ ५१३० मध्ये दिली आहे: माइक टिपपासून अर्धा मीटर दूर, वायूच्या दिशेशी ४५ अंशांच्या कोनात, टिपच्याच उंचीवर पण जमिनीपासून किमान २० सेंटिमीटर. इथे मात्र ए-वेटिंग वापरायचं. मूळ एक्झॉस्टचा आकडा तुमच्याकडे असेल तर तुलना सरळ करता येते, आणि तुमच्या भागातली मर्यादा ओलांडली की नाही तेही घरीच कळतं. मर्यादेच्या अगदी काठावर असाल तर आणखी एक रेझोनेटर घाला.

एवढं झाल्यावर गाडी काही शे किलोमीटर चालू द्या. तापून-थंड होऊन क्लँप सैल पडतात, ते पुन्हा आवळा. काचतंतूत काजळी बसून आवाजही या काळात थोडा बदलतो. त्यानंतर फोन घेऊन केबिनमधली तीच मोजणी परत करा, जे-पाइपचं टोपण शेवटचं पुढे-मागे सरकवा, आणि मगच ते वेल्ड करा.